मृगाच्या सरी आणि घरातील मुंग्या

जूनच्या प्रारंभी मृग नक्षत्र लागते आणि घराच्या ओट्यावरून मुंग्यांच्या रांगा भिंतीवर चढू लागतात. प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा असतो. मुंग्यांनी अंडी हलविली, आता पाऊस लांब नाही, असे ज्येष्ठ मंडळी सांगतात. वास्तविक हे दाणे बहुधा अंडी नसून अळ्या व कोश होत. अंडी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. जमिनीत ओल वाढली की पिलावळ कोरड्या जागी नेणे हा मुंग्यांचा स्वभावधर्म आहे. परंतु वारुळास धक्का लागला तरीही त्या असेच स्थलांतर करतात. तेव्हा केवळ या खुणेवर विसंबून पेरणी करणे इष्ट नव्हे.

उन्हाळ्यात त्या माठाखालच्या ओलसर जागेभोवती जमतात. हिवाळ्यात ही वर्दळ मंदावते.

खरी दक्षता हवी ती पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी. दिव्याभोवती पंखांच्या कीटकांची गर्दी होते आणि ‘मुंग्यांना पंख फुटले’ असे म्हणून आपण केर काढून मोकळे होतो. त्यात वाळवीही असू शकते. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ व चारही पंख सारख्याच लांबीचे असतात. असे पंख खोलीतच, चौकटीपाशी वारंवार गळून पडलेले आढळल्यास आणि भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्यास लाकूडकाम त्वरित तपासून घ्यावे.

मुंग्यांसाठी मात्र विषारी भुकटीची गरज क्वचितच पडते. एके काळी घरोघरी, धान्याच्या कणग्यांखालीदेखील, बी. एच. सी. टाकली जाई, १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे. मुंग्या वाटेवर गंध सोडतात व मागच्या मुंग्या त्यावरून चालतात. साबणाच्या पाण्याने ती वाट पुसली आणि भिंतीतील भेग बुजविली, की बहुतांश काम भागते.

फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी युक्तीही उपयुक्त आहे. तथापि डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी वाट्या रिकाम्या करून आतून घासाव्यात व वाळवाव्यात. डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतल्याने ती जात नाहीत.