विनंतीच्या रूपातील आज्ञा : नियामक पत्रांच्या भाषेविषयी

मराठी पत्रलेखनाच्या परंपरेत मायना हा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील नाते दाखवितो. ‘श्रियाविराजित राजमान्य राजश्री’ किंवा ‘चिरंजीव’ म्हणताच पत्राचा सूर ठरून जातो. आधुनिक नियामक संस्थांच्या पत्रांत मायना सर्वांना सारखाच असतो. त्यामुळे अधिकाराची खूण क्रियापदांत आणि सर्वनामांत शोधावी लागते. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने (स्थापना १९३४) परदेशी कंपन्यांना लिहिलेली पत्रे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

अमेरिकन शेअरबाजारात नोंदलेल्या परदेशी कंपन्या, उदाहरणार्थ मुंबईची एचडीएफसी बँक, आपला वार्षिक अहवाल या आयोगाकडे सादर करतात. अहवालाच्या छाननीनंतर येणाऱ्या पत्रात प्रथम कंपनीचे एखादे विधान ‘आमच्या लक्षात आले’ असे म्हणून नोंदविले जाते. मग ‘कृपया’ येते आणि त्यामागून ‘सांगा’, ‘स्पष्ट करा’, ‘दुरुस्त करा’ अशी आज्ञार्थी क्रियापदे येतात. उघड आरोप सहसा नसतो. उत्तरासाठी मात्र बहुधा कामकाजाचे १० दिवस नेमून दिलेले असतात. येथे ‘कृपया’ने आज्ञा सौम्य होते, ऐच्छिक होत नाही. म्हणूनच मराठी अनुवादात ‘कृपया सांगा’ यापेक्षा ‘खुलासा करावा’ हा विध्यर्थ अधिक यथार्थ ठरतो; विनंती आणि कर्तव्य या दोन्ही छटा त्यात एकत्र नांदतात.

डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने चीनमध्ये व्यवसाय असलेल्या कंपन्यांसाठी एक नमुनापत्र प्रसिद्ध केले. अशा अनेक कंपन्यांत गुंतवणूकदाराला केमन बेटांसारख्या ठिकाणी नोंदलेल्या कंपनीचे शेअर मिळतात. चीनमधील प्रत्यक्ष व्यवसायाशी तिचा संबंध केवळ करारांचा असतो. अहवालातील ‘आम्ही’ हे अंतर झाकून टाकते. तेव्हा करारबद्ध संस्थेच्या कामाविषयी लिहिताना ‘आम्ही’, ‘आमचे’ हे शब्द टाळावेत, असे पत्रात सांगितले गेले. सूर तोच संयत. परंतु आक्षेप थेट सर्वनामावर होता, कारण गुंतवणूकदाराच्या हाती नेमके काय येते हे त्या सर्वनामावर अवलंबून होते.

व्यावहारिक मराठीच्या अध्यापनात कार्यालयीन पत्राचा साचा शिकविला जातो. त्या साच्यात कोण बोलते आणि कोणाच्या वतीने बोलते, हा प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.