जालावरील जाल : लाभ आणि मर्यादा

मुंबईचे डबेवाले १८९० पासून घरचें जेवण कचेरींत पोहोंचवीत आले आहेत. त्याकरितां त्यांनीं स्वतःचे रूळ टाकले नाहींत. गाड्या रेल्वेच्याच, मात्र डब्याच्या झांकणावरील रंग, अक्षरें व अंक यांचा संकेत त्यांचा स्वतःचा. तो रेल्वेस समजण्याचें कारण नाहीं. संगणकांच्या जालांत 'ओव्हरले' म्हणून जी रचना असते, ती याच जातीची होय.

संगणकाचा संदेश लहान लहान तुकड्यांनीं जातो व प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. ओव्हरले प्रोटोकॉल, म्हणजे वरच्या जालाची नियमावली, हा तुकडा पत्त्यासहित दुसऱ्या वेष्टनांत घालते आणि त्यावर खालच्या जालास समजेल असा पत्ता लिहिते. मुक्कामीं पोहोंचल्यावर वेष्टन काढून टाकतात.

यापासून तीन लाभ होतात. पहिला, खालचें जाल न बदलतां नवी सोय करितां येते. दुसरा, एकाच तारेवर अनेक जालें वेगवेगळीं राखतां येतात. जुन्या व्हीलॅन पद्धतींत जालाच्या क्रमांकास १२ बिट असल्यामुळें अशीं सुमारें ४,००० जालेंच शक्य होतीं. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन पद्धतींत २४ बिट असल्यामुळें ती संख्या १ कोटि ६७ लक्षांवर गेली. तिसरा लाभ गुप्ततेचा. औरंगपुऱ्यांत घरीं बसून पुण्याच्या कचेरीचें काम करणारा मनुष्य व्हीपीएन वापरतो, तेव्हां आंतील मजकूर वाटेंत कोणास वाचतां येत नाहीं.

आतां दोष पाहूं. वेष्टनालाही जागा लागते. व्हीएक्सलॅनचें वेष्टन साधारणतः ५० बाइटांचें असतें. १५०० बाइटांची मर्यादा असल्यास आंतील संदेशास १४५० च उरतात. शिवाय वरच्या जालास जमिनीवरील अंतर दिसत नाहीं. व्हीपीएनचा सर्व्हर परदेशीं असेल, तर याच शहरांतील दुसऱ्या संगणकाकडे जाणारा संदेशही तेथवर जाऊन परत येतो. कांहीं बिघडलें, तर दोष वरच्या थरांत कीं खालच्या, हें शोधणें कठीण होतें. आणि वाटेवरील लोकांपासून लपविलेला आपला मार्ग व्हीपीएन चालविणाऱ्यास मात्र दिसूं शकतो. म्हणून फुकट मिळणारें व्हीपीएन घेण्यापूर्वीं तें चालवितो कोण, हें पालकांनीं अवश्य पाहावें.

सर्वांत मोठी मर्यादा परावलंबनाची. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व मुंबईच्या लोकल गाड्या थांबल्या. अशा दिवशीं झांकणावरील संकेत कितीही अचूक असला, तरी डबा पुढें कसा जाणार?

विद्यार्थिमित्रांनो, खालचें जाल दुरुस्त करणें खर्चाचें असतें, म्हणून थरावर थर चढविण्याचा मोह होतो. तुमच्यांतील कोणी पुढें असें जाल उभारील, तेव्हां त्यानें प्रथम विचारावें, "ही अडचण नव्या थरानें सुटेल, कीं खालची तारच बदलावयास हवी?" तुटलेल्या तारेवर कितीही उत्तम ओव्हरले बसविला, तरी संदेश पोहोंचत नाहीं.