आधी मोजमाप, मग बिल

सोलापूर जिल्ह्यातले एक गाव घेऊ. गावात गटार बांधायचे आहे. ग्रामपंचायत ठेका देते. पैसा कुणाचा? आपलाच. घरपट्टी आपणच भरतो.

घर बांधताना आपण गवंड्याला सगळे विचारतो ना? मग इथेही विचारू. गटाराची लांबी किती? सिमेंट-वाळूचे प्रमाण काय? काम कधी पुरे होणार? फुटले तर दुरुस्त कोण करणार? हे सारे करारात लिहिलेले हवे.

काम झाले की मोजायचे. मोजमाप पुस्तकात लिहायचे. मगच ठेकेदाराचे बिल द्यायचे. आधीच पैसे दिले आणि पहिल्याच पावसात गटार फुटले, तर घाण पाणी आपल्याच दारात येणार.

कागद कुणी दाखवत नाही? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करू. ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

आता आपल्याला वाचता येते. चला, करार वाचू या.