वारसा नाही, तर बक्षीसपत्र

प्रश्न : मध्ययुगातल्या ज्यू समाजात मुलगे असताना मुलींना वारसा मिळत नसे, असे वाचले. मग त्या काळच्या ज्यू स्त्रियांची मृत्युपत्रे कशी सापडतात?

उत्तर : वाचलेत ते खरे आहे. तोराप्रमाणे, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाप्रमाणे, मुलगा असला की मुलीला वाटा नाही. विधवेला नवऱ्याची इस्टेट मिळत नसे. कतुबात, म्हणजे विवाहकरारात ठरलेली रक्कम तेवढी मिळे. बायको आधी गेली तर तिचा वारस मात्र नवराच. हा क्रम कुणाला मोडता येत नव्हता. पण जिवंतपणी दान करायला आडकाठी नव्हती. धर्मपंडितांनी तर मरणपंथाला लागलेल्याच्या तोंडी शब्दालाही लेखी दस्ताचे वजन दिले होते. म्हणून ही मृत्युपत्रे म्हणजे खरे तर बक्षीसपत्रे. त्यांचा पुरेपूर उपयोग विधवा आणि घटस्फोटितांना होई, कारण हक्क सांगणारा नवराच नसे.

जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाच्या, कोठीत जी हजारो जुनी कागदपत्रे निघाली, त्यांत इ. स. 1100च्या सुमारास दलाली करणाऱ्या वुहशाचे मृत्युपत्र आहे. बाईने स्वतःच्या हिमतीवर सुमारे 700 दिनार जमवले होते. साध्या कुटुंबाचा महिना तेव्हा 2 दिनारांत निघे. तिने 50 दिनार स्वतःच्या अंत्ययात्रेसाठीच राखले! विवाहबाह्य संबंधावरून एका सिनेगॉगने तिला ऐन योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या पवित्र दिवशी, बाहेर काढले होते. त्यालाही तिने देणगी ठेवली. लोकांना रात्री अभ्यास करता यावा म्हणून सिनेगॉगच्या दिव्यांना तेल, हीही तिचीच इच्छा. त्याच संबंधातून झालेल्या मुलासाठी तर तिने शिक्षकही ठरवून ठेवला : त्याने मुलाला बायबल आणि प्रार्थना गरजेपुरत्या शिकवाव्यात, त्याला आठवड्याला 5 दिरहम द्यावेत, आणि मुलाजवळ राहता यावे म्हणून अंथरूण-पांघरूणही. मला या कागदात सर्वांत मोलाचे वाटते ते हे अंथरूण-पांघरूण. आपल्यामागे पोराजवळ रात्री कोण असेल, याची तजवीज तिने केली होती.

मुलींसाठी पुढे युरोपात आणखी एक वाट निघाली. लेकीच्या लग्नात बाप तिच्या नावे भल्या मोठ्या कर्जाचा लेख करून देई. बापाच्या मागे भावांनी मुलाच्या वाट्याच्या निम्मा वाटा तिला दिला तर कर्ज माफ, नाहीतर इस्टेटीतून सगळे फेडा. भाऊ अर्थातच वाटा देत.