परदेशी निघताना सिकलसेलची फाइल सोबत घ्या

विदर्भातली आपली मुले-मुली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला शिकायला जाऊ लागली आहेत. बॅगेत तिखट, लोणचे, जवसाची चटणी, स्वेटर सगळे भरले जाते. सिकलसेलची फाइल मात्र कपाटातच राहते. का, म्हणून आम्ही विचारले की आईवडील हळूच म्हणतात, "व्हिसा नाकारला तर?"

ही भीती काढून टाका. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसासाठी भारतीयांना क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र लागते, त्यासाठी छातीचा एक्स-रे काढतात. सिकलसेलची तपासणी त्यात नसते.

लपवण्याचा धोका खरा तिथे गेल्यावर आहे. ब्रिटनमध्ये हा आजार प्रामुख्याने आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या लोकांत दिसतो. भारतीय चेहरा पाहून डॉक्टरांच्या मनात सिकलसेल चटकन येईलच असे नाही. म्हणून दुखणे उठले की "पाय दुखतात" एवढ्यावर थांबू नका. पहिलेच वाक्य असू द्या : मला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, हा क्रायसिस आहे. अशा रुग्णाला दवाखान्यात पोचल्यापासून ३० मिनिटांच्या आत वेदनाशामक द्यावे, असे तिथले मार्गदर्शक तत्त्व आहे. तरीही या रुग्णांचे नीट ऐकून घेतले जात नाही, असे २०२१ साली तिथल्याच संसदेतील सर्वपक्षीय गटाने अहवालात लिहिले. तेव्हा संकोच नको, ठासून सांगा.

सोबत इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचे इंग्रजी पत्र हवे. त्यात रक्तगट, नेहमीचे हिमोग्लोबिन, रक्त कधी चढवले आणि औषधांची मूळ नावे असावीत. आपल्याकडच्या हायड्रॉक्सियुरियाला तिथे हायड्रॉक्सीकार्बामाइड म्हणतात, औषध एकच. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. विमानात पाणी पीत राहा, अधूनमधून उठून चाला. थंडी आणि अंगातले पाणी कमी होणे, दोन्हींनी क्रायसिस येतो. तिथे तहान लागत नाही म्हणून मुले पाणीच पीत नाहीत.

व्हिसासोबत विद्यार्थ्याकडून आरोग्य अधिभार घेतात, सध्या वर्षाला ७७६ पौंड. तो भरल्यावर एनएचएसच्या दवाखान्यातले उपचार वेगळे पैसे न देता मिळतात. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. नोंदणीला पैसे लागत नाहीत. रक्तविकार तज्ज्ञांकडे तेच पाठवतील. इंग्लंडमध्ये चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधाला सध्या ९ पौंड ९० पेन्स पडतात, आणि सिकलसेलला त्यातून सूट नाही. दरमहा औषध लागत असेल तर तीन महिन्यांचा किंवा वर्षाचा आगाऊ पास काढावा. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हा खर्च नाही.

सल्ल्यासाठी १११, जिवावर बेतले तर ९९९. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, छातीत दुखले, धाप लागली किंवा हातापायातली शक्ती गेली तर सकाळची वाट पाहू नका. एएस पॅटर्नवाले वाहक आहेत, रुग्ण नव्हेत. त्यांना यातले बहुतेक लागू नाही, पण रिपोर्ट त्यांनीही जवळ ठेवावा.