पेडल दाबले की स्वर किती चढतो?



अडगळीची खोली साफ करताना शाळेचा जुना पायाचा ऑर्गन बाहेर काढला, तेव्हा नववीच्या मुलांनी आम्हाला विचारले, "हवा भरायची पेडले समजली, पण गुडघ्याजवळ या दोन लाकडी पट्ट्या कशाला?" गुडघ्याने एक पट्टी दाबून पाहिली. आत काहीतरी खडखडले, बाकी काही नाही. मागची फळी उघडली, तर पट्टीपासून निघालेली सळई काटकोनी तरफेतून निसटून लोंबत होती.

बालगंधर्वांच्या काळात संगीत नाटकांना अशा ऑर्गनची साथ असे. वादकाचे दोन्ही हात स्वरांवर, दोन्ही पाय भात्यावर. मग आवाज लहानमोठा कशाने करायचा? गुडघ्याने. गुडघा दाबला की सळई ओढली जाते, तरफ फिरते, आतली झडप उघडते आणि आवाज मोकळा होतो.

गुडघ्याची आणि पायाची हीच युक्ती अमेरिकेतल्या पेडल स्टील गिटारमध्ये फार पुढे नेलेली आहे, आणि तिथे ती आवाज नव्हे, स्वरच बदलते. हवाईयन गिटार तुम्हाला ठाऊक असेल. पं. ब्रिजभूषण काबरा यांनी ती आपल्या शास्त्रीय संगीतात आणली. तारांवर पोलादी दांडी सरकवायची आणि मींड घ्यायची. आपल्या संगीताला तेवढे पुरते. पण दांडी सरळ असते, ती सरकवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकदम चढतात. पाश्चात्त्य संगीतात तीन-चार स्वर एकत्र वाजवतात आणि त्यातला एकच चढवायचा असतो. तिथे पेडल कामी येते. १९५३-५४ मध्ये बड आयझॅक्स या वादकाने वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गाण्यात वाजता वाजता तार चढवून दाखवली आणि मग हे वाद्य झपाट्याने पसरले.

आत असते काय? आजोबांची काळी सायकल आठवा, तारेचे नव्हे, सळईचे ब्रेक असलेली. मूठ दाबली की सळई ओढली जाते, काटकोनी तरफ त्या ओढीची दिशा बदलते आणि ब्रेक चाकाला टेकतो. गिटारमध्येही पेडल दाबले की एक आडवा दांडा फिरतो, त्यावरची तरफ सळई ओढते आणि सळईच्या टोकाशी असलेला, तार जिच्यावरून जाते तो तुकडा फिरून तार ताणतो.

आता गणित. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून अर्धा स्वर चढायला ताण सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो, पूर्ण स्वराला सुमारे २६ टक्के. या गिटारची नेहमीची जुळणी १० तारांची. तिच्यात एकच पेडल तिसरी आणि सहावी अशा दोन तारा अर्धा स्वर चढवते. दोन्हींचा स्वर तोच, पण तिसरी एक सप्तक वर. दोन्ही साध्या पोलादी तारा असतील, तर हिशेबाने तिसरीला सहावीच्या चौपट लांब ओढावे लागते! (का, ते अकरावीच्या मुलांनी काढून दाखवावे. तारेची जाडी हिशेबातून कशी निघून जाते, तेही पाहावे.) पेडल मात्र एकच आणि त्याची हालचालही एकच.

म्हणून तरफेला एकाखाली एक भोके असतात. सळई टेकूपासून दूरच्या भोकात घातली की ओढ लांब, पण पायाला जड. जवळच्या भोकात घातली की ओढ कमी आणि पाय हलका. सळईच्या शेवटी नायलॉनचा छोटा नट असतो, तो पिळून स्वर नेमका लावायचा. इथे एक चूक हमखास होते. भोक चुकले तरी नट ढिला करून स्वर जुळवता येतो. शेवटी दोन्ही तारा बरोबर बोलतात, पण एक आधी निघते, दुसरी मागून येते, आणि मधला प्रवास बेसूर होतो.

देवासच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. १९४८ साली कुमार गंधर्व इथे आले आणि १९९२ पर्यंत इथेच राहिले. त्यांचे तंबोरे जुळवणे हाच ऐकण्याचा विषय असे. तंबोऱ्यात खुंटीने तार जवळ आणायची आणि मण्याने नेमकी लावायची. खुंटी फार खाली असेल तर मणी कितीही सरकवा, उपयोग नाही. धारच्या मुलांनी मात्र आपल्या भोजराजाच्या नावावरचा 'समरांगण सूत्रधार' विसरू नये. ११व्या शतकातल्या त्या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे.

आता पुन्हा आपला ऑर्गन. निसटलेल्या तरफेला दोन भोके आहेत. एक झिजून लांबट झालेले, दुसरे कुणीतरी मागाहून टेकूच्या जवळ पाडलेले. जवळच्या भोकात सळई घातली तर गुडघ्याच्या थोड्या हालचालीत झडप जास्त उघडेल, पण गुडघ्याला फार जड तर जाणार नाही? झडपेला किती हालचाल लागते आणि गुडघा किती सरकतो, हे नववीची मुले येत्या दोन शनिवारी मोजणार आहेत. ज्या पालकांकडे खराद किंवा ड्रिलचे काम चालते, त्यांनी एखादी पितळी बुशी करून दिली तर मोठे भोकही वाचेल. विश्वस्त मंडळींना विनंती एवढीच, की तोवर भंगारवाल्याला बोलावू नये.