संगणकातील संगणक : जुन्या नोंदी उघडताना

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात घराघरांत शिरले, तेव्हा माझ्या तळमजल्यावरील दवाखान्यातही ते आले. कंपाउंडरने प्रसंगावधान राखून जुन्या संगणकाचा डबा तपासणीच्या टेबलावर ठेवला होता, म्हणून तो बुडाला नाही. परंतु पुढील काही दिवसांच्या ओलीने त्याचा मदरबोर्ड निकामी झाला. हार्ड डिस्क मात्र शाबूत राहिली. या डिस्कवर विंडोज एक्सपी आणि एको तपासण्यांच्या नोंदी ठेवणारी एक जुनी प्रणाली होती. ती प्रणाली तयार करणारी संस्था केव्हाच बंद पडली असून, नव्या विंडोजवर ती चालत नाही.

त्यानंतर महिनाभरातच एक पन्नाशीच्या भगिनी धाप लागते म्हणून आल्या. संधिवाताच्या तापाने त्यांची मायट्रल झडप आखडली होती आणि २००४ साली फुग्याच्या साहाय्याने ती रुंद करण्यात आली होती. त्या वेळची फाइल पुरात भिजून तिचा लगदा झाला होता. आजच्या एकोत झडपेचे क्षेत्रफळ १.६ चौ. सें.मी. भरले. प्रश्न असा होता की, वीस वर्षांपूर्वी फुगा फिरविल्यानंतर ते किती होते? झडप पुन्हा आखडत आहे की होती तशीच आहे, हे त्या एका आकड्यावर ठरणार होते आणि तो आकडा टेबलावरच्या मृत डब्यात होता.

हा डबा पुन्हा जिवंत करण्याचा जो उपाय मी केला त्याला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. त्यात मला ज्या अडचणी आल्या, आणि विशेषतः पडद्याच्या मांडणीत जी एक चूक जवळजवळ महागात पडली, ती व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेख. मी संगणकतज्ज्ञ नाही. जे हाताने करून पाहिले तेवढेच येथे मांडत आहे.

कल्पना जुनी आहे. एका मोठ्या यंत्रात अनेक स्वतंत्र यंत्रांचा आभास निर्माण करण्याचे काम आयबीएमने १९६० च्या दशकात केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे केले आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ या नावाने ते ग्राहकांना दिले. आपल्या टेबलावरच्या संगणकासाठी व्हीएमवेअर १९९९ मध्ये आणि व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये आले. मी वापरले ते व्हर्च्युअलबॉक्स. नव्या संगणकाला ‘यजमान’ म्हणू आणि त्याच्या आत चालणाऱ्या जुन्या विंडोजला ‘पाहुणा’. खरे डिस्क, पडदा, नेटवर्क कार्ड हे सारे यजमानाच्या ताब्यात असते. पाहुण्याला यांपैकी काहीही दिसत नाही. त्याला दिसते ते सेटिंग्जमध्ये आपण लिहून दिलेले काल्पनिक हार्डवेअर. म्हणून पाहुणा रुसला की दोष बहुधा यंत्रात नसून आपण लिहून दिलेल्या यादीत असतो. हे एकदा मनात ठसले की, पुढचा शोध पुष्कळ सोपा होतो.

निळा पडदा

आरंभी एक पथ्य सांगतो. मूळ डिस्कला हात लावू नये. मी ती यूएसबी अडॅप्टरने जोडून तिची संपूर्ण प्रतिमा काढवली, त्या प्रतिमेचे व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्क-फाइलमध्ये रूपांतर केले आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली. सर्व प्रयोग प्रतीवर केले.

पहिल्याच प्रयत्नात एक्सपीचे चिन्ह क्षणभर दिसून निळा पडदा आला. त्यावर शून्यांच्या लांब रांगेअखेरीस ‘७बी’ असा संकेत होता. याचा अर्थ, ज्या डिस्कवरून विंडोज सुरू व्हायचे ती डिस्कच तिला सापडत नाही. कारण साधे निघाले. मी आभासी डिस्क ‘साटा’ नियंत्रकाला जोडली होती आणि मूळच्या एक्सपीजवळ तसल्या नियंत्रकाचा ड्रायव्हर नसतो. डिस्क ‘आयडीई’ नियंत्रकाखाली, पीआयआयएक्स-४ प्रकार निवडून, जोडली आणि गाडी पुढे सरकली. मूळ मदरबोर्ड अगदी निराळ्या घराण्याचा असेल तर एवढ्यानेही भागत नाही. तेव्हा सर्वसाधारण आयडीई ड्रायव्हरच्या नोंदी रजिस्ट्रीत घालाव्या लागतात आणि ते काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

निळा पडदाही न येता नुसता काळोख राहिला, तर ‘आय/ओ एपिक’ हा पर्याय पाहावा. जुन्या यंत्रावर विंडोज बसविताना तो असेल तर येथेही हवा. प्रोसेसर एकच द्यावा आणि मेमरी ५१२ एमबी ते १ जीबी पुरे. उदार होऊन चार प्रोसेसर दिल्याने एक्सपी तरुण होत नाही! मुळात आभासी यंत्रच सुरू होत नसेल, तर यजमानाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असण्याचा संभव असतो. खिडकीच्या तळाशी हिरव्या कासवाचे चित्र दिसले, तर यजमान विंडोजचे हायपर-व्ही मध्ये आले आहे असे समजावे. यंत्र चालते, पण कासवाच्याच गतीने.

हार्डवेअर बदललेले पाहून एक्सपी पुन्हा सक्रिय करण्याची मागणी करते. संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा त्याच यंत्राशी बांधलेला असतो. हा प्रश्न आधीच विचारात घ्यावा. तसेच व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मोफत असला तरी त्याचे ‘एक्स्टेन्शन पॅक’ व्यावसायिक वापरासाठी मोफत नाही, आणि दवाखाना हा व्यवसायच होय.

पडदा

एक्सपी उघडले ते ६४० बाय ४८० बिंदूंच्या चिमुकल्या खिडकीत, सोळा रंगांत. नोंदप्रणाली १०२४ बाय ७६८ साठी बनविलेली असल्यामुळे तिचा खालचा भाग व त्यावरील बटणे पडद्याबाहेर गेली. अशा वेळी पुष्कळ जण ‘व्हिडिओ मेमरी वाढवा’ असा सल्ला देतात. मलाही तो मिळाला आणि मी १२८ एमबीपर्यंत कळ सरकविली. काहीही फरक पडला नाही. गणित करून पाहिले असते तर ही खटपट वाचली असती. १०२४ गुणिले ७६८ बिंदू, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे बरोबर ३ एमबी. १९२० बाय १०८० च्या आजच्या पडद्यालाही सुमारे ८ एमबी पुरतात. दुखणे मेमरीचे नव्हतेच. पाहुण्याला नव्या पडद्याची भाषा येत नव्हती, म्हणून तो कोणत्याही यंत्रावर चालेल अशा किमान भाषेत बोलत होता.

त्याला ती भाषा शिकविणारा संच म्हणजे ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’. पाहुणा चालू असताना ‘डिव्हायसेस’ या मेन्यूतून त्याची आभासी सीडी घालावी, ती आतून बसवावी आणि पाहुणा पुन्हा सुरू करावा. आवृत्ती शक्यतो व्हर्च्युअलबॉक्सच्या आवृत्तीशी जुळणारी असावी. त्याआधी यंत्र बंद असताना ‘डिस्प्ले’ विभागातील ग्राफिक्स कंट्रोलर तपासावा. तेथे तीन नावे दिसतात. व्हीएमएसव्हीजीए मुख्यतः लिनक्ससाठी, व्हीबॉक्सएसव्हीजीए विंडोज ७ व त्यापुढील आवृत्त्यांसाठी, आणि व्हीबॉक्सव्हीजीए जुन्या विंडोजसाठी. एक्सपीला तिसरे लागते. माझ्याकडे पहिले निवडलेले होते. त्रिमिती वेगवर्धन, म्हणजे ‘थ्री-डी अ‍ॅक्सिलरेशन’, या कामाला नको. ते बंदच ठेवावे.

एवढे झाल्यावर १०२४ बाय ७६८ मिळाले, बटणे दिसू लागली आणि मला वाटले की काम संपले. दोन दोष अजून दडलेले होते आणि दोन्ही असे की, पडद्याकडे पाहून सर्व काही ठीक आहे असेच कोणालाही वाटावे.

पहिला रंगांचा. एक्सपीत रंगांची प्रत १६ बिटवर राहिली होती. साध्या पत्रव्यवहाराला याने काही बिघडत नाही. परंतु १६ बिटांपैकी तांबड्याला ५, हिरव्याला ६ आणि निळ्याला ५ असे बिट मिळतात. शुद्ध करड्या रंगासाठी तिघांचे प्रमाण समान हवे, त्यामुळे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम ३२ पायऱ्या उरतात. ३२ बिटांत त्या २५६ असतात. आपली एको, सोनोग्राफी, क्ष-किरण ही सारी चित्रे करड्या छटांतच बोलतात. आठ पायऱ्यांची एक पायरी केली की छटांचे पट्टे पडतात, झडपेच्या पाकळीची कड कोठे संपते व पोकळी कोठे सुरू होते हे संदिग्ध होते, आणि फुप्फुसातील एखादी फिकट सावली तर दिसेनाशीच होऊ शकते. डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, तेथे ‘सेटिंग्ज’, आणि रंगांची प्रत ‘हायेस्ट, ३२ बिट’. हा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे, पण तो करायला हवा हे आधी सुचावे लागते.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. पाहुण्याचा पडदा ४:३ प्रमाणाचा आणि माझा नवा मॉनिटर १६:९ चा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहत होत्या. त्या आमच्या साहाय्यकाला खटकल्या, म्हणून त्याने ‘स्केल्ड मोड’ चालू करून चित्र सर्व मॉनिटरभर ताणून बसविले. देखणे दिसत होते. मी २००४ चे त्या भगिनींचे चित्र उघडले, पडद्यावर ट्रेसिंग पेपर धरून झडपेचे तोंड गिरविले आणि चित्राच्या कडेला असलेल्या उभ्या सेंटिमीटर-पट्टीच्या मापाने चौकोन मोजले. क्षेत्रफळ २.३ चौ. सें.मी. आले. २.३ वरून १.६! म्हणजे झडप चांगलीच आखडली. मनात पुन्हा फुग्याचा विचार आला, आणि रुग्णाच्या मुलाला तसे सूचित करण्यासाठी मी दूरध्वनी उचललाही होता.

सवयीने त्याआधी अहवालाचे पान उघडले. त्यावर माझ्याच हाताने भरलेला आकडा होता १.७.

रुंदी १०२४ ची १९२० झाली, म्हणजे १.८७५ पट. उंची ७६८ ची १०८० झाली, म्हणजे १.४०६ पट. दोहोंचे गुणोत्तर १.३३, म्हणजे प्रत्येक आकृती आडवी एक-तृतीयांशाने फुगलेली. मी मापासाठी उभी पट्टी घेतली होती, त्यामुळे क्षेत्रफळही तेवढेच फुगले. १.७ ला १.३३ ने गुणले की २.३ मिळतात. वीस वर्षांत झडप जवळपास हललीच नव्हती, फुगला होता तो पडदा.

प्रणालीतील स्वतःचे कॅलिपर मूळ चित्रातील बिंदू मोजत असल्याने अशा ताणाने फसत नाही. फसतो तो डोळा, फूटपट्टी आणि पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. शिवाय सर्वच मापे बिघडतात असेही नाही. छातीच्या चित्रात हृदयाची रुंदी व छातीची रुंदी दोन्ही आडव्या, म्हणून त्यांचे गुणोत्तर कायम राहते. उलट गर्भाच्या डोक्याची उभी ९० व आडवी ११५ मि.मी. ही मापे घेतली, तर ७८ टक्क्यांचा निर्देशांक ताणलेल्या पडद्यावर ५९ भरेल आणि सुदृढ बाळाचे डोके विनाकारण लांबट ठरेल.

स्केल्ड मोड बंद करण्यासाठी उजवीकडची कंट्रोल कळ आणि सी एकत्र दाबावे. काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. यजमान विंडोजने सर्व काही १२५ किंवा १५० टक्के मोठे करून दाखविण्याचे ठरविले असेल, तर पाहुण्याची अक्षरे पुसट होतात. तेव्हा ‘व्ह्यू’ मेन्यूतील आभासी पडद्याचे मोजमाप १०० टक्क्यांवर आहे ना, तेही पाहावे.

आता मी कोणतेही जुने चित्र उघडण्यापूर्वी दोन चाचण्या करतो. पाहुण्याच्या आत ‘पेंट’ उघडून शिफ्ट कळ दाबून एक वर्तुळ काढतो व पडद्यावर फूटपट्टीने त्याचा आडवा आणि उभा व्यास मोजतो. दोन्ही समान असले पाहिजेत. मग क्ष-किरणतज्ज्ञांच्या परिचयाचे एसएमपीटीई चाचणी-चित्र उघडतो. त्यात काळ्या चौकोनात ५ टक्क्यांचा आणि पांढऱ्या चौकोनात ९५ टक्क्यांचा लहान चौकोन असतो. दोन्ही दिसले पाहिजेत, आणि छटांची पायरी अखंड उतरली पाहिजे. रक्तदाब घेण्यापूर्वी पट्टा नीट गुंडाळला आहे का हे आपण पाहतोच. तेवढाच वेळ याला लागतो.

नेटवर्कविषयी थोडक्यात. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी संपविला. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे कामकाज ठप्प झाले होते, हे आपल्या स्मरणात असेल. जुन्या नोंदी पाहण्यासाठी इंटरनेट लागत नाही. म्हणून ‘नेटवर्क’ विभागात कार्ड ‘नॉट अटॅच्ड’ ठेवावे. ज्यांना जुने ईसीजी यंत्र किंवा रक्ततपासणीचे यंत्र सिरियल तारेने जोडायचे असेल, त्यांनी ‘सिरियल पोर्ट्स’मध्ये यजमानाचा खरा पोर्ट पाहुण्याला नेमून द्यावा. यूएसबी साधन असेल तर यूएसबी २ किंवा १.१ चा नियंत्रक निवडावा, कारण एक्सपीला यूएसबी ३ ठाऊक नाही.

आणखी एक गैरसमज. आभासी यंत्राचा ‘स्नॅपशॉट’ म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर, मूळ फाइलला टेकून उभा असतो. डिस्क गेली की दोघेही जातात. मी यंत्र पूर्ण बंद करून त्याचा सबंध फोल्डर दोन बाहेरच्या डिस्कवर उतरविला आहे. त्यांतील एक डिस्क आता दुसऱ्या मजल्यावरील घरात असते.

त्या भगिनींचे हिमोग्लोबिन ७.८ निघाले. मासिक पाळीचा रक्तस्राव वर्षभर अधिक होत होता आणि संकोचाने त्यांनी तो सांगितला नव्हता. स्त्रीरोगतज्ज्ञ सहकाऱ्याकडे उपचार झाले आणि लोह दिल्यावर तीन महिन्यांत धाप कमी झाली. २००४ चा अहवाल व चित्र मी त्यांना छापून दिले आहे आणि या खेपेस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.